म्हातारचळ, अल्झायमर आणि प्रश्नाची भाषा : फ्रँकफुर्ट ते अक्राणी

इसवी सन १९०७ मध्ये परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली दोन प्रकाशने बाहेर पडली. पहिले म्हणजे आलोइस अल्झायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचे, मेंदूच्या बाह्यस्तराच्या एका विलक्षण विकाराविषयीचे अवघ्या दोनतीन पानांचे टिपण. दुसरे म्हणजे जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग. त्यात भिल्ली बोली आणि खानदेशी यांचे वर्णन आले आहे. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी, १९०६ मध्ये नुकत्याच वेगळ्या केलेल्या पश्चिम खानदेशात होता. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झाला. पहिल्या प्रकाशनाने विस्मृतीला शरीरात एक जागा दाखवून दिली. दुसऱ्याने मावची, देहवाली, पावरी या सातपुड्याच्या बोलींना छापील अस्तित्व दिले. त्या काळी ही दोन पुस्तके एकाच कपाटात ठेवण्याचे कोणासही कारण नव्हते. आज ते आहे. कारण विस्मृतीच्या या आजाराचे निदान अद्यापही मुख्यतः प्रश्न विचारून होते, आणि प्रश्न कोणत्या तरी एका भाषेतच विचारावा लागतो.

अल्झायमर यांच्या टिपणाच्या मुळाशी असलेली रुग्णा २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. आउगुस्टे डेटर हे तिचे नाव, वय एक्कावन्न. दुसऱ्या दिवशी अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले संभाषण प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून ठेवले. ही कागदपत्रे पुढे नाहीशी झाल्यासारखी होती. ती १९९५ मध्ये फ्रँकफुर्टमध्येच सापडली आणि १९९७ मध्ये त्यांतील मजकूर प्रसिद्ध झाला. त्यांचे महत्त्व वैद्यकाच्या अभ्यासकांनी पुष्कळ सांगितले आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. पहिला प्रश्न नावाचा आहे. बाई आपले नाव सांगतात. आडनाव विचारले असता पुन्हा तेच नाव सांगतात, आणि पतीचे नाव विचारले असता थोडे चाचरून तिसऱ्यांदा तेच. पेन्सिल, लेखणी, किल्ली अशा वस्तू दाखविल्या तर त्यांची नावे बरोबर येतात. पण थोड्या वेळाने काय काय दाखविले होते हे विचारले तर काहीच आठवत नाही. फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात असता काय खाता असे विचारले, तर उत्तर येते पालक. लिहावयास सांगितले तर पहिला शब्द लिहून होताच पुढचा विसरला जातो. १९०७ च्या टिपणात आणखी एक बारकावा नोंदविलेला आहे. पेल्याचे नाव न आठवल्यामुळे बाईंनी दूध ओतण्याचे भांडे अशा अर्थाचा एक जोडशब्द वापरला. वस्तूचा उपयोग ठाऊक आहे, शब्द घडविण्याचे नियम शाबूत आहेत, केवळ रूढ नाम हरवले आहे. व्याकरण टिकते आणि कोश रिता होतो, हे या विकाराचे भाषिक लक्षण पहिल्याच रुग्णाच्या नोंदीत इतके स्वच्छ उमटले आहे.

८ एप्रिल १९०६ रोजी बाईंचा मृत्यू झाला. तोपर्यंत अल्झायमर म्यूनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या चिकित्सालयात गेले होते. मेंदू तेथे पाठविण्यात आला. बील्शोव्स्की यांनी थोड्याच वर्षांपूर्वी शोधलेल्या, चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याच्या पद्धतीमुळे त्यांना दोन गोष्टी दिसल्या. मज्जापेशींच्या आत जाड, गुंतलेल्या तंतूंचे पुंजके होते. काही ठिकाणी पेशी मरून गेली होती आणि केवळ हा गुंता उरला होता. पेशींच्या बाहेर, बाह्यस्तरात सर्वत्र, कोणत्या तरी अपरिचित द्रव्याचे बारीक साके पसरले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा श्रोत्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्याच सुमारास प्राग येथे ओस्कार फिशर हे वृद्ध रुग्णांच्या मेंदूतील अशाच साक्यांचा अभ्यास करीत होते, आणि त्यांनी तपासलेले मेंदू संख्येने कितीतरी अधिक होते. तथापि नाव राहिले ते अल्झायमर यांचे, कारण १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत या विकारास ते दिले.

या नामकरणाबरोबर एक विभागणीही आली. क्रेपेलिन यांनी हा विकार ऐन वार्धक्यापूर्वी येणारा, म्हणून निराळा मानला. सत्तरीच्या माणसाची विस्मृती हा त्याच्या मते वयाचाच भाग राहिला. मराठीत 'म्हातारचळ' हा शब्द आहे, 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहे. हिंदीतील 'सठियाना' हे क्रियापद तर साठ या संख्येवरूनच झालेले आहे. त्याचा आधार घेऊन लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने काशीतील वार्धक्यावरील आपल्या १९९८ च्या ग्रंथात पुष्कळ विवेचन केले आहे. साठीनंतर बुद्धी नाठणारच, त्यात नवल ते काय, असे म्हणणारी म्हण आणि तसेच मानून वृद्धांना आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवणारा म्यूनिकचा प्राध्यापक यांचे या एका बाबतीत एकमत होते. आपल्याकडील अज्ञान आणि पाश्चात्त्यांचे ज्ञान अशी सोयीस्कर मांडणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. ही विभागणी युरोपातही अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या हयातीतील चाचण्यांचे गुण आणि मरणोत्तर त्यांच्या मेंदूत मोजलेले साके यांचा मेळ घालून दाखविला. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात म्हटले की पन्नाशीतला विकार आणि ऐंशीतला विकार एकच होय. एका लेखाने लक्षावधी वृद्ध 'वय झाले' या सदरातून 'आजारी आहे' या सदरात आले.

आता मेंदूत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. पेशींबाहेरील साके बीटा-अमायलॉइड नावाच्या लहान प्रथिनाचे असतात, हे ग्लेनर आणि वाँग यांच्या १९८४ च्या संशोधनामुळे समजले. आतील गुंते टाउ या प्रथिनाचे असतात. पेशीच्या आत अन्नद्रव्ये वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांना हे टाउ आधार देते. विकारात ते नळ्यांपासून सुटते, पीळ घालून एकत्र येते आणि वाहतूक खुंटते. दोहोंच्या पसरण्याची वाट मात्र एक नाही. हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये ८३ मेंदू तपासून टाउच्या गुंत्यांच्या सहा पायऱ्या ठरविल्या. आरंभ होतो तो कानशिलामागील खंडाच्या आतल्या घडीत, एन्टोऱ्हायनल नावाच्या पट्टीत. तेथून हिप्पोकॅम्पस या घोडमाशाच्या आकाराच्या भागात, मग कानशिलाच्या व पाठीमागील बाह्यस्तरात, आणि अगदी शेवटी दृष्टी, श्रवण व हालचाल यांच्या मूळ केंद्रांत विकार पोहोचतो. हिप्पोकॅम्पस नव्या अनुभवाची आठवण बनवितो. म्हणून सकाळचे जेवण विसरते आणि लग्नातले जेवण आठवते. मेंदू आकसतो, त्यातील पोकळ्या रुंदावतात. स्मरणाशी संबंधित असलेले अॅसिटिलकोलीन हे रसायन घटते, हे १९७६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये दिसून आले. त्यावरच नंतरची पहिली औषधे बेतली गेली. ती लक्षणे काही काळ सौम्य करतात, यापलीकडे त्यांची मजल गेली नाही.

याच एन्टोऱ्हायनल पट्टीत २००५ मध्ये मोझर दांपत्याला जाळीपेशी आढळल्या. प्राणी जागेवरून हलत असताना त्या जणू नकाशाच्या चौकटी आखीत असतात. या शोधाकरिता, हिप्पोकॅम्पसमधील स्थानपेशी १९७१ मध्ये दाखविणाऱ्या जॉन ओकीफ यांच्यासह, त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या आजारात माणूस घरची वाट चुकतो ती उगीच नव्हे. वाट आणि नवी आठवण मेंदूत शेजारीशेजारी राहतात, आणि गुंत्यांचा पहिला तडाखा दोघींनाही बसतो.

भाषेवरील परिणामाचा क्रमही यातूनच समजतो. उच्चार आणि वाक्याची घडण सांभाळणारे पुढील भाग उशिरापर्यंत बचावतात. नामांचा साठा ज्या कानशिलाच्या प्रदेशावर अवलंबून असतो तो लवकर झिजतो. परिणामी बोलणे अस्खलित, पण पोकळ होते. नामांच्या जागी सर्वनामे येतात. येथे मराठीची एक अडचण आहे. 'ते हे आण', 'जरा हे करून ठेव' अशी वाक्ये कोणत्याही धडधाकट मराठी घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येतात, आणि ऐकणाराही ती बिनचूक समजतो. 'हे' हा शब्द मराठीत सर्वनाम आहे, क्रियापदाचा आधार आहे आणि निव्वळ पालुपदही आहे. त्यामुळे इंग्रजी संभाषणात जी पोकळी लवकर कानावर येते ती मराठीत बराच काळ झाकली जाते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात विकाराने घेरलेला नायक संस्कृतचा पंडित आहे. भाषेवर हुकमत असलेल्या माणसाची पडझड प्रेक्षकाला लगेच कळते. ज्याच्या भाषेला कोणी हुकमत म्हणतच नाही त्याची पडझड कोण ओळखणार, हा प्रश्न नंदुरबारचा आहे.

१९७५ मध्ये फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी रुग्णाच्या बिछान्याशी बसून दहा मिनिटांत करावयाची तीस गुणांची एक परीक्षा बसविली. ती जगभर पसरली. तारीख, महिना, वर्ष सांगा. आपण कोठे आहोत ते सांगा. तीन शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात सात वजा करा. लिहिलेली सूचना वाचून तसे करा. एक वाक्य लिहा. दोन पंचकोन पाहून काढा. अक्षरओळख, छापील दिनदर्शिका आणि शाळेतले अंकगणित ज्याच्या हाडीमांसी आहे त्याच्यासाठी ही परीक्षा सोपी. १९११ नंतर जन्मलेल्या जर्मन किंवा अमेरिकन वृद्धाला ती लावणे ठीक. पण २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. आज सत्तरी ओलांडलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, अक्षरओळख याहून किती कमी असेल याची कल्पना करता येते. अशा वृद्धेने सूचना वाचली नाही, वाक्य लिहिले नाही, पंचकोन काढला नाही, तर गुण जातात. मेंदूला मात्र काहीही झालेले नसते.

ही अडचण भारतात प्रथम नीट हाताळली गेली ती हरियाणातील बल्लभगढ येथे. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी परीक्षा तयार केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी केवळ भाषांतर केले नाही. वाचण्याच्या प्रश्नाऐवजी परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून तो करील तसे करावयाचे, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे, असे बदल त्यांनी केले. शिवाय वृद्ध माणूस रोजची कामे कशी करतो याची विचारपूस घरच्यांकडे करणारी वेगळी मोजपट्टीही त्यांनी बनविली. १९९८ मध्ये त्यांनी जाहीर केले की पासष्टीपुढील लोकांत अल्झायमर विकाराचे प्रमाण तेथे १.०७ टक्के आहे; हा जगातील अत्यंत कमी आकड्यांपैकी एक ठरला. याउलट देशव्यापी वृद्ध-सर्वेक्षणाशी जोडलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष व्यक्ती, असे अनुमान काढले. स्त्रिया, अशिक्षित आणि ग्रामीण लोक यांत ते अधिक आढळले. वयोगट निराळे, व्याख्या निराळ्या, कालही निराळा. म्हणून हे दोन आकडे एकमेकांसमोर उभे करून भांडविणे बरोबर नाही. तरी आकड्याच्या घडणीत प्रश्नाचा वाटा किती, ही शंका मनातून जात नाही.

ही शंका तापीच्या काठावरून सातपुड्याच्या माथ्याकडे जाताना वाढतच जाते. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, नवापुराकडे मावची व कोकणी, तळोदा-अक्कलकुव्याकडे देहवाली, अक्राणीत, म्हणजे धडगावच्या डोंगरात, पावरी आणि भिलोरी. २०११ च्या जनगणनेने यांतील बहुतेक बोली 'भिली' या एका शीर्षकाखाली घेतल्या आणि देशभरची संख्या एक कोटी चार लाखांवर दाखविली. शीर्षक एक असले तरी नवापूरच्या म्हातारीला विचारलेला प्रश्न धडगावच्या म्हातारीला तसाच्या तसा विचारता येत नाही. अगदी मराठीच्या जवळच्या अहिराणीचे उदाहरण घेतले तरी पुरे. अहिराणीत 'ळ' च्या जागी बहुधा 'य' येतो. डोळा तो 'डोया', काळा तो 'काया'. मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर'. ऐकलेला शब्द जसाच्या तसा परत म्हणावयाच्या परीक्षेत 'डोळा' ला 'डोया' असे उत्तर आले, किंवा मुलीविषयी बोलत असता परीक्षकाला मुलगा ऐकू आला, तर ती चूक कोणाची? कागदावर ती म्हाताऱ्याच्या नावे मांडली जाईल.

तारखेचा प्रश्न तर याहून बिकट. सातपुड्यातील वर्ष होळीभोवती फिरते. गावोगावच्या होळीचे दिवस ठरलेले असतात, काठीची होळी सर्वांना ठाऊक असते, त्याआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो. आठवडा बाजारावरून ओळखला जातो. स्वतःचे वय अनेकांना सांगता येत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात आपण केवढे होतो, लग्न झाले होते की नव्हते, हे सांगता येते. ज्या बाईला महिन्याचे इंग्रजी नाव कधीच ठाऊक नव्हते ती ते विसरली असे म्हणता येणार नाही. उलट गेली होळी होऊन किती दिवस झाले, काल बाजार होता की उद्या आहे, हे जिला सांगता येत नाही तिच्याकडे तातडीने पाहावयास हवे. आणि नेमका हा प्रश्न रूढ कागदावर नसतो.

'आपण कोठे आहोत' हा प्रश्नही येथे निर्व्याज राहत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची तेहतीस गावे आली. ती सर्व अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील. मणिबेलीपासूनच्या कित्येक कुटुंबांना तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आणून वसविले. नदी, डोंगर आणि पाऊलवाट यांवर ज्याचा नकाशा आयुष्यभर आखला गेला तो माणूस सपाटीवरील सरळ रेघांच्या वसाहतीत वाट चुकला, किंवा गावाचे नाव विचारता बुडालेल्या गावाचे नाव सांगू लागला, तर दोन शक्यता उरतात. एन्टोऱ्हायनल पट्टीत गुंते पसरू लागले असतील. अथवा त्याने प्रश्नाचे त्याच्या मते खरे उत्तर दिले असेल. या दोहोंतला भेद केवळ त्याच्या बोलीत बराच वेळ बोलणारा माणूस करू शकतो.

बोलीचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडले होते की स्मृती ढासळताना नवे आधी जाते आणि जुने मागे राहते. दोन भाषा बोलणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पुढे अनेकदा हेच दिसले : नंतर शिकलेली भाषा विरते, बालपणीची टिकते. बाजारात, कचेरीत, दवाखान्यात शिकलेली मराठी अक्राणीच्या वृद्धाची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. तिच्यात घेतलेली परीक्षा त्याच्या दुर्बळ भागाचीच परीक्षा ठरते. मात्र हीच बहुभाषिकता त्याच्या बाजूनेही असू शकेल. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे ६४८ रुग्णांची पाहणी करून २०१३ मध्ये दाखविले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली. निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा गुण नव्हता. दोनांहून अधिक भाषांनी त्यात आणखी भर पडली नाही. वृद्धांच्या गटांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या नंतरच्या काही पाहण्यांत असा लाभ दिसला नाही, आणि वाद मिटलेला नाही. तरी नंदुरबारसारखा, शाळा न पाहिलेली परंतु दोनतीन भाषांत व्यवहार करणारी वृद्ध पिढी असलेला प्रदेश या वादात निर्णायक पुरावा देऊ शकेल. ती पिढी मात्र थांबून राहणार नाही.

अमेरिकेत १९९६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी जोगिणींनी ऐन तारुण्यात लिहिलेल्या आत्मवृत्तांतील विचारांची दाटी मोजली आणि तिचा वार्धक्यातील विकाराशी संबंध दाखविला. सातपुड्यात तारुण्यातील असे लेखन मिळणार नाही. परंतु 'गायणा' आहे, घराण्याच्या कथा आहेत, आणि त्या म्हणणाऱ्याने कोठे काय गाळले हे सांगू शकणारे श्रोते आहेत. मौखिक परंपरेत कथनाचा ताळा घेणारा समाज हाच वृद्धाच्या जुन्या बोलण्याचा दस्तऐवज असतो. विस्मृतीची चाहूल अशा श्रोत्याला डॉक्टरच्या आधी लागते. त्याला कोणी विचारीत नाही इतकेच.

परीक्षेसाठी लागणारे भाषिक साहित्य अगदीच नाही असे नव्हे. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला. त्यात या बोलींच्या बोलणाऱ्यांनीच लिहिलेली वर्णने आहेत. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांसाठी त्यांच्या बोलीत पाठ तयार केले. आणि १९०७ चा ग्रियर्सन यांचा खंड आहेच. त्याच्यासाठी वापरलेली २४१ शब्द व वाक्यांची यादी भारतभर सर्व भाषांना सारखीच लावली गेली. तिच्यात अंक आहेत, अवयव आहेत, नातेवाईक आहेत. शेवटाकडे काही वाक्ये आहेत. काश्मीर येथून किती दूर, असे त्यांतील एक वाक्य विचारते. अक्राणीत त्याचा काय उपयोग झाला असेल कोण जाणे. दुसरे घोड्याचे वय विचारते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहिलेल्यांना ते परके वाटले नसावे. बापाच्या घरी किती मुलगे आहेत, असे आणखी एक आहे; धडगावच्या वृद्धेची जुनी आठवण तपासण्यासाठी याहून चांगला प्रश्न सापडणे कठीण. या वाक्यांच्या मालिकेत सर्वांत आधी येते ते समोरच्याचे नाव विचारणारे वाक्य, म्हणजे अल्झायमर यांनी २६ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्टे बाईंना विचारलेला पहिलाच प्रश्न. तो देहवालीत, मावचीत आणि पावरीत कसा विचारावा याची जुळणी करावयास १९०७ चा हा खंड, २०१३ चा खंड आणि त्या बोलींचे आजचे बोलणारे पुरेसे आहेत.